आवड कोणती, परिणाम कोणता?

परीक्षेपूर्वी शाळेत गणिताचा जादा वर्ग निघतो. ज्यांना बसावयाचे ते बसतात, बाकीचे घरी जातात. पुढे निकालात बसणाऱ्यांचे गुण सरस ठरतात आणि वर्गाची वाहवा होते. परंतु त्या वर्गाला मुळात आले कोण? बहुधा गणिताचे भय नसलेली, घरून प्रोत्साहन मिळणारी मुले. ती एरवीही पुढेच राहिली नसती कशावरून?

चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडले तर हा गुंता सुटतो. पण व्यसन किंवा घटस्फोट या काही चिठ्ठीने वाटावयाच्या गोष्टी नव्हेत. मानसशास्त्रज्ञाची अडचण होते ती इथेच. पॉल रोझेनबॉम व डोनाल्ड रूबिन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९८३ साली तीवर एक तोड सुचविली. प्रत्येकाची पूर्वीची माहिती घेऊन तो अमुक मार्ग पत्करील याची संभाव्यता काढावयाची. हा झाला त्याचा प्रवृत्तिगुणांक. मग ज्यांचा गुणांक सारखा, पण एकाने तो मार्ग धरला आणि दुसऱ्याने धरला नाही, अशांचीच परस्परांशी तुलना करावयाची. वय, पूर्वीचे गुण, घरची स्थिती हे सारे एकेक जुळवीत बसावे लागत नाही. गुणांक नीट काढला असेल, तर नोंदलेल्या बाबी दोन्ही गटांत सरासरीने जुळून येतात.

युक्ती सुबक खरी, पण ती उत्तर बरोबर देते काय? विल्यम शॅडिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच तपासले. महाविद्यालयातील ४४५ विद्यार्थ्यांचे त्यांनी चिठ्ठीने दोन भाग केले. एका भागातील २३५ जणांनी गणित शिकावे की शब्दसंग्रह, हे पुन्हा चिठ्ठीनेच ठरले. उरलेल्या २१० जणांना निवड मोकळी ठेवली. पुष्कळांनी गणित टाळले, हे सांगावयास नकोच! शिकवणी मात्र दोन्हीकडे तीच होती. त्यामुळे चिठ्ठीच्या भागातील उत्तर प्रमाण धरून दुसऱ्या भागातील उत्तर पडताळता आले.

वय, लिंग, वंश अशी हाताशी सहज येणारी माहिती घेऊन गुणांक काढला, तेव्हा चूक फारशी हटली नाही. पूर्वचाचणीचे गुण आणि विषयाची आवडनिवड हिशेबात येताच मात्र ती बरीचशी नाहीशी झाली. म्हणजे मदार गणिती कौशल्यापेक्षा निवडीमागचे खरे कारण विचारण्यावर आहे. आणि ते विचारावयाचे निवडीपूर्वी. शिकवणी झाल्यावर विचारले, तर तिने लावलेली गोडीही मूळच्या आवडीत जमा होते.