शेतीचे डिझेल वेगळे असते का?



पेरणी जवळ आली की मंडळात हा प्रश्न निघतोच: "शेतीच्या डिझेलला कर नाही म्हणतात, मग आपल्याला का लागतो?" आपल्यातल्या बऱ्याच घरांची शेती नंदुरबार, धुळे, जळगावकडे आणि पोटपाणी इथे कडोदऱ्यात. कुणाचा गावी ट्रॅक्टर, कुणाचा इथे जेसीबी. म्हणून एकदा नीट लिहितो.

भारतात शेतीचे वेगळे डिझेल नाही. इंग्लंडात आहे. तिथे कमी कराच्या डिझेलला लाल रंग देतात, आपल्या रेशनच्या निळ्या रॉकेलसारखा. १ एप्रिल २०२२ पासून तिथल्या बांधकामवाल्यांची ती सवलत गेली, शेतकऱ्यांची राहिली.

आपल्याकडे नळी ट्रॅक्टरच्या टाकीत जावो की जेसीबीच्या, कर तोच. केंद्राचे उत्पादन शुल्क एप्रिल २०२५ मध्ये लिटरमागे २ रुपयांनी वाढून १७.८० रुपये झाले. त्यातले ४ रुपये कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकराचे. शेतीच्या नावाचा उपकर शेतकरीच भरतो, आता काय बोलावे! त्यावर राज्याचा कर: गुजरातेत १४.९ टक्के व्हॅट आणि ४ टक्के उपकर, महाराष्ट्रात २१ टक्के व्हॅट. नवापूरकडे निघालेले आपले ड्रायव्हर सोनगढलाच टाकी भरतात ते उगाच नाही. व्हॅटचा परतावा दोन्ही राज्यांत मच्छीमारांच्या बोटींना आहे, ट्रॅक्टरला नाही.

शेती आणि बांधकाम यांत फरक पडतो तो भाड्यात. ट्रॅक्टर शेत नांगरायला भाड्याने दिला तर जीएसटी शून्य. तोच ट्रॅक्टर किंवा जेसीबी बांधकामाचा प्लॉट सपाट करायला गेला तर १८ टक्के. मात्र मालकाची जीएसटी नोंदणी असेल तरच. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्याला नोंदणी सहसा लागत नाही. नोंदणी नसलेल्याला बिलात जीएसटी लावताच येत नाही, तेव्हा बिलावर नंबर आहे का ते आधी पाहा.

डिझेल स्वतः जीएसटीत नाही. त्यामुळे ठेकेदाराला पंपावर भरलेला कर वजा करून मिळत नाही. डिझेलसकट तासाचा दर ठरला तर १८ टक्के त्या डिझेलवरही बसतात. दर ठरवतानाच विचारा, जीएसटी धरून की वेगळा.

आणि हायवेवर कुणी "बिनकराचे डिझेल" देऊ लागला तर घेऊ नका. बायोडिझेलच्या नावाखाली भलतेच तेल विकणाऱ्यांवर गुजरातेत छापे पडले आहेत. इंजिन बिघडले तर दाखवायला पावतीही नसते.