जुन्या संगणकांचे जाळे: बिघाड शोधावा खालून वर

घरातल्या दोन संगणकांनी एकमेकांच्या फाइली उघडायच्या तर चार गोष्टी जुळून याव्या लागतात. वायरीतून संकेत धड पोहोचला पाहिजे, दोघांचे पत्ते एकाच जाळ्यातले पाहिजेत, एकाला दुसऱ्याचे नाव सापडले पाहिजे आणि दुसऱ्याने पहिल्याला आत घेतले पाहिजे. यातली प्रत्येक गोष्ट तिच्या खालच्या गोष्टीवर उभी असते. पत्ताच मिळाला नसेल तर शेअरिंगच्या खिडकीत कितीही टिकमार्क केले तरी फोल्डर उघडत नाही. म्हणून बिघाड शोधायचा तो खालून वर. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटे होते. पडद्यावर तक्रार परवानगीची दिसते, हात तिथेच जातो, आणि तासाभराने कळते की राऊटरमागची पिनच सैल होती.

लातूर-नांदेडकडे जुना संगणक हौसेने कोणी ठेवत नाही. तो कामाला बांधलेला असतो. आडतीचा हिशेब टॅलीच्या जुन्या आवृत्तीत असतो आणि पट्टीच्या कार्बन प्रती काढायला एप्सन एलएक्स-३०० सारखा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लागतो. घराच्या पुढच्या खोलीतल्या डीटीपीच्या धंद्यात लग्नपत्रिका पेजमेकर ७ वर जुळते. ही आवृत्ती २००१ ची, आणि शेवटचीच. जोडीला मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर असते, त्याचे ‘लॉक’ सीपीयूच्या पाठीमागच्या पॅरलल पोर्टला लावलेले असते. तो पोर्ट नव्या यंत्राला नसतोच. त्याच घरात नीटची तयारी करणाऱ्या मुलीच्या टेस्ट सिरीजसाठी नवा लॅपटॉप येतो. मग २००१ चे विंडोज एक्सपी, २००९ चे विंडोज ७ आणि आजचे विंडोज एका छपराखाली नांदू लागतात, आणि पत्रिकेचे प्रूफ लॅपटॉपवर कसे न्यायचे हा प्रश्न पडतो.

पहिली तपासणी दिव्यांची. लॅन कार्डाच्या सॉकेटशेजारी आणि राऊटरवर, दोन्हीकडे दिवा लागलेला हवा. लागत नसेल तर दोष वायरीत, पिनेत किंवा पोर्टात आहे; विंडोज उघडण्याची गरजच नाही. दोन संगणक राऊटरशिवाय थेट जोडले असतील तर आणखी एक शक्यता असते. जुन्या १०/१०० कार्डांना पाठवणारी आणि घेणारी जोडी आपोआप अदलाबदल करता येत नाही, त्यांना क्रॉसओव्हर केबल लागते. दोघांपैकी एक कार्ड गिगाबिटचे असले तर सहसा ही अडचण उरत नाही.

दिवा लागला म्हणजे वायर चांगली, असे मात्र नाही. लॅन केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. हा पीळ केवळ मांडणीसाठी नाही. संकेत जोडीतल्या दोन तारांमधल्या फरकाच्या रूपात जातो. बाहेरचा गोंधळ, म्हणजे मिक्सर, मोटार, ट्यूबचा चोक यांचा, पिळामुळे दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि फरक काढताना वजा होतो. १०० मेगाबिटच्या जाळ्यात पिन १ आणि २ ही एक जोडी, ३ आणि ६ ही दुसरी. म्हणून प्रचलित क्रम विचित्र वाटतो: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी घुसवली आहे ती याचसाठी. घाईत क्रिम्पिंग करणारा चारही जोड्या ओळीने शेजारी-शेजारी बसवतो. दोन्ही टोकांना क्रम सारखाच असल्याने स्वस्त टेस्टरवर आठही दिवे ओळीने हिरवे लागतात. पण आता ३ नंबरला हिरवी तार असते, तर ६ नंबरला निळ्या जोडीतली. एका संकेताच्या दोन तारा दोन वेगळ्या पिळांत गेल्या. दोन मीटरच्या तुकड्यावर हे खपून जाते. तीच वायर जिन्यावरून वरच्या मजल्यावर नेली की फाइल अर्ध्यात अडकते. टेस्टर ‘सगळे ठीक’ म्हणतो आणि जाळे रडत राहते. अशा वेळी पारदर्शक पिनेतून रंग डोळ्यांनी वाचणे हाच खरा उपाय.

वायरीची जातही पाहावी. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बऱ्याच केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि दोन-चारदा वाकवले की तार आतल्या आत तुटते. ब्लेडने तार खरवडली आणि आत पांढरी चमक दिसली, तर ती केबल १०० मीटरच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत नेण्याच्या लायकीची नाही. घरात वापरायची राखाडी केबल गच्चीवरून टाकली तर मराठवाड्याच्या उन्हात तिचे आवरण काही वर्षांत तडकते; बाहेरसाठी काळ्या आवरणाचीच घ्यावी.

विजेचा भाग इथे विशेष महत्त्वाचा आहे. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये गोंधळ गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याच्या डब्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यातून झिरपणारी वीज जमिनीत जाते. नसेल तर डबा साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. हात लावला की झिणझिण्या येतात त्या यामुळे. लॅन कार्डाच्या सॉकेटमागे ट्रान्सफॉर्मर असल्याने या व्होल्टेजने जाळे बिघडत नाही. पण चालू संगणकाला प्रिंटरची पॅरलल केबल जोडली तर पोर्ट जळू शकतो. काळ्या मातीत हा दोष उन्हाळ्यात वाढतो. माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या खांबापासून सुटते आणि जमिनीचा रोध चढतो. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तशा वर्षी अर्थिंगच्या खड्ड्यात कोण पाणी ओतणार? तरीही कोळसा-मिठाचा खड्डा उन्हाळ्यात ओला ठेवणे हे संगणकाच्या देखभालीचेच काम समजावे.

अवकाळीतला विजेचा कडकडाट हा वेगळा मामला. जवळपास वीज पडली की लांब तांब्याच्या तारेत क्षणभर मोठा दाब उमटतो आणि लॅन पोर्टाचा ट्रान्सफॉर्मरही त्यापुढे टिकत नाही. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड येत होते तोवर मॉडेम आणि त्याला जोडलेले कार्ड असे जोडीने जात. फायबरच्या काचेतून ही लाट येत नाही. शेजारच्या घरापर्यंत गच्चीवरून ओढलेल्या लॅन केबलमधून मात्र येते. वादळानंतर एकाच पोर्टाचा दिवा गेला असेल तर केबल दुसऱ्या पोर्टात लावून पाहावी. राऊटर पूर्ण मेलेला नसतो.

या पायरीवरचा शेवटचा चोर म्हणजे डुप्लेक्सचा बेबनाव. कोणी जुन्या कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘१०० फुल’ कायम केलेले असते आणि समोरचा स्विच ‘ऑटो’वर असतो. स्विचला वाटाघाटीचे उत्तर मिळत नाही, तो नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स धरतो. मग एक बाजू ऐकता-ऐकता बोलते, दुसरी बाजू त्यालाच टक्कर समजून थांबते. छोटे निरोप जातात, मोठी फाइल रांगते. दोन्हीकडे ‘ऑटो’ ठेवले की प्रश्न मिटतो.

वायर निर्दोष ठरली की पत्ता पाहायचा. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहिले की तो दिसतो. घरगुती जाळ्यात तो सहसा १९२.१६८ ने सुरू होतो. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरकडे पत्ता मागून उत्तर न आल्याने विंडोजने स्वतःच एक ठेवून घेतला आहे; म्हणजे पुन्हा एक पायरी खाली उतरून वायर तपासावी.

सगळ्यात फसवा प्रकार दोन राऊटरांचा. फायबरचा डबा इंटरनेट कंपनीने दिलेला, आणि जुना वाय-फाय राऊटर वाया जाऊ नये म्हणून त्याला जोडलेला. दोघेही पत्ते वाटतात: एक १९२.१६८.१ चे, दुसरा १९२.१६८.० चे. दोन्ही संगणकांवर नेट सुरळीत चालते, म्हणून जाळ्यावर संशय जात नाही. पण दोघे वेगळ्या जाळ्यांत असतात, आणि आतल्या राऊटरमागचे यंत्र बाहेरच्याला दिसत नाही. उपाय फुकटचा आहे. दुसऱ्या राऊटरला पहिल्या जाळ्यातला, दुसऱ्या कोणाला न दिलेला पत्ता द्यायचा, त्याची पत्तेवाटप सेवा, म्हणजे डीएचसीपी, बंद करायची आणि येणारी केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ पोर्टात लावायची.

पत्ते जुळले की पिंग मारायचा. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत असताना लिहिलेला हा छोटा प्रोग्राम पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या धर्तीवर साद घालतो आणि पडसाद यायला किती वेळ लागला ते सांगतो. घरातल्या वायरीवर एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर यायला हवे. उत्तर आले तर खालच्या पायऱ्या पक्क्या. नाही आले तर लगेच हताश होऊ नये. विंडोजचे फायरवॉल पिंगलाच अडवते. संगणकाने हे जाळे ‘पब्लिक’ मानले असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करून पुन्हा साद घालावी. दोन्ही यंत्रांवरून राऊटरला पिंग मारून पाहिला तर कोणाची बाजू तुटली आहे तेही कळते.

वाय-फायवर असलेल्या जुन्या यंत्रांच्या अडचणी निराळ्या. २००३ च्या ‘जी’ मानकाची बहुतेक कार्डे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर ऐकतात. ५ गिगाहर्ट्झचे जाळे त्यांना दिसतच नाही. एक्सपीला डब्ल्यूपीए-२ सुरक्षा मुळातून मिळाली ती २००८ च्या सर्व्हिस पॅक ३ मध्ये. राऊटर फक्त डब्ल्यूपीए-३ वर ठेवला असेल तर त्या यंत्राला दार बंदच. जुन्या गावभागातल्या दोन-अडीच फुटी दगडी भिंती आणि माळवदाची माती लहरी शोषून घेतात, तीही पावसात ओली झाल्यावर जास्तच. अशा घरात जागचा न हलणारा संगणक वायरीवरच घ्यावा. रिपीटरवर पैसे घालवू नयेत.

पुढची पायरी नावाची. ‘नेटवर्क’च्या खिडकीत दुसरा संगणक न दिसणे म्हणजे तो नसणे नव्हे. जुने विंडोज ज्या पद्धतीने नावांची यादी करत, ती नव्या विंडोजने सोडली आहे. त्यामुळे यादीवर विसंबू नये. पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन पुढे थेट १९२.१६८.१.१० असा पत्ता लिहावा. एक्सपीच्या होम आवृत्तीत वर्कग्रुपचे नाव मुळात ‘एमएसहोम’ असते, इतरांत ‘वर्कग्रुप’. तेवढे सारखे केले तर जुनी यंत्रे तरी एकमेकांच्या यादीत येतात. बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमधून किंवा सायबर कॅफेतून घेतलेल्या संगणकांची आणखी एक गंमत असते. एका हार्ड डिस्कची नक्कल सगळ्यांवर उतरवलेली असल्याने दोन यंत्रांचे नाव एकच निघते आणि दुसरे चालू होताच तक्रार येते. त्यावर डीप फ्रीझ राहून गेले असेल तर दिवसभर केलेले सेटिंग रीस्टार्टनंतर जसेच्या तसे पुसले जाते. घड्याळाजवळच्या ट्रेमध्ये ध्रुवीय अस्वलाचे चित्र दिसले तर आधी ते काढावे.

मग परवानगी. घरातल्या संगणकाला पासवर्ड नसतो, आणि एक्सपीपासून विंडोजचा नियम असा की बिनपासवर्डचे खाते फक्त त्या यंत्रासमोर बसून उघडते, जाळ्यावरून नाही. बरोबर पत्ता, बरोबर नाव आणि तरीही नकार, याचे हे सर्वांत साधे कारण. ज्या यंत्रावर फोल्डर आहे तिथे पासवर्ड असलेले खाते तयार करून तेच दुसऱ्याकडून वापरावे.

एवढे सगळे जुळूनही एक्सपी आणि आजचे विंडोज बोलत नाहीत, तेव्हा भांडण नियमांच्या वयाचे असते. फाइल देण्याघेण्याच्या नियमावलीचे नाव एसएमबी. एक्सपीला तिची पहिली आवृत्तीच येते. दुसरी विंडोज व्हिस्टापासून आली. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने पहिल्या आवृत्तीतल्या भोकातूनच प्रवेश केला. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण असंख्य यंत्रांवर ती घातलेली नव्हती. त्याच वर्षाच्या शरदातल्या अद्ययावत आवृत्तीपासून विंडोज १० च्या नव्या प्रतींत एसएमबी-१ मुळात बंद येऊ लागली.

‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन ती चालू करा, असा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. तो चालतो, पण वाईट आहे. एका पत्रिकेच्या प्रूफसाठी मुलीच्या लॅपटॉपचे दार कायम उघडे ठेवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा घरात विंडोज ७ चे एखादे यंत्र असेल तर तेच दुभाषी होते: त्याला दोन्ही आवृत्त्या येतात. शेअर केलेले फोल्डर त्याच्यावर ठेवायचे, एक्सपीने त्यात फाइल टाकायची, लॅपटॉपने तिथून उचलायची. मार्च २०१७ ची दुरुस्ती त्यावर घातलेली मात्र असावी. तसे यंत्र नसेल तर एक्सपीवर छोटा एफटीपी सर्व्हर बसवून लॅपटॉपवरून फाइल ओढता येते. आणि आठवड्याला दोन फाइलींचेच काम असेल तर पेन ड्राइव्हला कमी लेखू नये. लॅपटॉपवर उघडण्यापूर्वी तो तपासून घेतला की झाले.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून आणि विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून नेहमीच्या दुरुस्त्या देणे थांबवले आहे. ही यंत्रे घरच्या जाळ्यात ठेवायची पण इंटरनेटवर जाऊ द्यायची नाहीत, यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही. त्यांना पत्ता हाताने द्यावा, राऊटरच्या वाटपाच्या टप्प्याबाहेरचा, मास्क २५५.२५५.२५५.० ठेवावा आणि ‘गेटवे’ची चौकट रिकामी सोडावी. बाहेरचा रस्ताच माहीत नसल्याने असा संगणक घराबाहेर पोहोचत नाही, आणि आडतीची पट्टी डॉट मॅट्रिक्सवर नेहमीसारखी निघत राहते.