आधी निदान, मग औषध

घरातील वायफाय वारंवार खंडित होऊ लागले, की गृहस्थ नवा राउटर आणावयास निघतो. परंतु दोष यंत्रात आहे की वाटेत, याचा निर्णय प्रथम व्हावयास हवा. संगणक तारेने राउटरला जोडून वेग मोजावा. तो तारेवरही मंद असेल, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या जोडणीत असतो. तेथे नवा राउटर काय करणार? तारेवर वेग समाधानकारक असेल, तर अडथळा बहुधा हवेतील लहरींना होत असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपलीकडे दूरवर पोचतात. मात्र त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर व मायक्रोवेव्ह भट्टी यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक वेगवान, पण भिंतींनी त्या लवकर क्षीण होतात. म्हणून राउटर लोखंडी कपाटाआडून काढून घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. इतके करूनही दोष उरला, तरच पैसे खर्चावेत.