एकट्याची शिदोरी

निबिड अरण्य किंवा निर्जन बेट आणि तेथे एकटे पडलेले एक मूल! एवढ्याशा भांडवलावर इंग्रजी बालसाहित्यात एक स्वतंत्र दालन उभे राहिले आहे. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे डॅनियल डीफोचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९). हे पुस्तक खास मुलांसाठी लिहिलेले नव्हते. परंतु मुलाच्या हाती पहिले पुस्तक हेच पडावे, असे रूसोने ‘एमिल’ (१७६२) या ग्रंथात सुचविले.

या कथांतला नायक शूर असतो म्हणून तगतो, असा आपला समज असतो. मला मात्र वाटते की, तो तगतो ज्ञानाच्या बळावर. आणि ते ज्ञान त्याला बहुधा दुसऱ्या कोणीतरी दिलेले असते.

गॅरी पॉल्सेनच्या ‘हॅचेट’ या कादंबरीला १९८८ साली न्यूबेरी सन्मान मिळाला. तिच्यातला ब्रायन तेरा वर्षांचा. छोट्या विमानाचा वैमानिक हृदयविकाराने मरतो आणि ब्रायन कॅनडाच्या जंगलातील एका तळ्यात कोसळतो. जवळ असते फक्त आईने दिलेली कुऱ्हाडी. भुकेपोटी तो अनोळखी फळे खातो आणि पोटदुखीने तळमळतो. कुऱ्हाडी दगडावर आपटून ठिणग्या पडतात, पण आग धरत नाही. आगीला हवा लागते हे आठवते, तेव्हा कुठे त्याच्या फुंकरीने जाळ होतो. असे चोपन्न दिवस तो काढतो.

जीन क्रेगहेड जॉर्ज यांच्या ‘माय साइड ऑफ द माउंटन’ (१९५९) मधला सॅम तर घरून स्वखुशीने निघतो. चाकू, दोरीचा गुंडा, कुऱ्हाड, चकमक आणि चाळीस डॉलर एवढेच त्याचे सामान. कॅट्स्किल डोंगरात तो झाडाच्या ढोलीत बिऱ्हाड थाटतो. पण रानात राहण्याची विद्या तो न्यूयॉर्कच्या वाचनालयात शिकून आलेला असतो! ससाण्याला शिकवायचे, तेव्हाही तो डोंगर उतरून गावच्या वाचनालयात जातो. म्हणजे रानातला हा एकटा जीवसुद्धा पुस्तकांच्या सोबतीनेच राहतो.

स्कॉट ओडेलच्या ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ (१९६०) मधल्या करानाजवळ पुस्तक नाही. तिची शिदोरी म्हणजे तिच्या जमातीने पिढ्यान्‌पिढ्या जमविलेले शहाणपण. ही कथा सत्यावर आधारलेली आहे. कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटावर एक स्त्री १८३५ ते १८५३ अशी अठरा वर्षे एकटी राहिली. पाणकावळ्यांच्या पिसांचा पोशाख ती करी. तिला मुख्य भूमीवर आणल्यावर सुमारे सात आठवड्यांतच ती वारली. तिच्या भाषेतले चार शब्द आणि दोन गाणी, एवढीच काय ती नोंद मागे उरली. जिने अठरा वर्षे जीव जगविला, ती विद्या तिच्याबरोबर मातीत गेली. मला ही गोष्ट कादंबरीहून अधिक चटका लावते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या आजीला अक्षर वाचता येत नाही. पण पहिल्या पावसानंतर रानात काय खावे आणि काय टाकावे, हे तिला पाठ आहे. शेवळांची भाजी काकडे न घालता केली तर घसा खवखवतो, हे तिला तिच्या सासूने शिकविले. ब्रायन जे पोटदुखी सोसून शिकला, ते आमच्या घरी चुलीजवळ बसून शिकता येते.

म्हणून वाचकमित्रांनो, या कथा मला जंगलात पळून जायला सांगत नाहीत. आपली शिदोरी कोणी बांधली, हे त्या विचारायला लावतात. सॅमचे वाचनालय मला या महाविद्यालयात मिळाले आहे. करानाची विद्या घरी आहे. ती अजून कागदावर उतरलेली नाही. गेल्या पावसाळ्यापासून मी एका वहीत आजीच्या रानभाज्या लिहून घेतो आहे. आतापर्यंत सतरा झाल्या. आजी म्हणते, अजून निम्म्याही झाल्या नाहीत.