समुद्राकडे पाठ करून बसणारे कुरव

जानेवारीतल्या एखाद्या सकाळी, ऊन तापायच्या आत, आंजर्ल्याच्या किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर जा. ओल्या वाळूत कुरवांचा थवा बसलेला असेल. आपण सर्रास सीगल म्हणतो, तेच हे पक्षी. कॅमेरा उचलण्याआधी एक गोष्ट बघा: जवळजवळ प्रत्येकाची चोच गावाकडे, म्हणजे पूर्वेकडे! समुद्रपक्षी, आणि समुद्राकडे पाठ?

उत्तर शाळेच्या भूगोलात आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर गार होते आणि तिच्यावरची थंड हवा पाण्याकडे वाहू लागते. हेच ते मतलई वारे. कुरव त्यांच्याकडे तोंड करून बसतो, कारण वारा मागून आला की पिसं विस्कटतात. उडतानाही त्याला समोरचाच वारा हवा. पंखांना उचल मिळते ती त्यांच्यावरून वाहणाऱ्या हवेच्या वेगामुळे. वारा समोरून असला की त्यातला काही वेग आयता मिळतो.

संक्रांतीला आपण वाऱ्याकडे पाठ करून उभे राहतो आणि पतंग आपल्याकडे तोंड करून वर चढतो, आठवतं? कुरवांचंही तसंच. गावाकडे पाठ करा. वारा पाठीशी, उगवता सूर्यही पाठीशी, आणि पक्षी उठतात ते तुमच्याच दिशेनं, तोंडावर कोवळं ऊन घेऊन! हवा आणि प्रकाश एकाच बाजूनं यावेत, हे पश्चिम किनाऱ्याचं केवढं भाग्य! दुपारी खारे वारे सुटले की सगळं फिरतं: पक्षी पाठमोरे, आणि सूर्य तुमच्या डोळ्यांत.

पांढऱ्या पक्ष्यापुढे कॅमेरा मात्र गोंधळतो. चौकटीतलं सगळं सरासरी करड्या छटेचं आहे असं तो धरून चालतो. मागे गडद पाणी असलं तर तो प्रकाश वाढवतो आणि पिसांचा नुसता पांढरा डाग होतो. तेव्हा एक्स्पोजर थोडं उतरवा; मागे उजळ आकाश असलं तर चढवा. शटर १/२००० सेकंद ठेवलंत तर फडफडणाऱ्या पंखाचं पीस न् पीस मिळेल.

आता तो फोटो मोठा करून बघा. चोचीच्या टोकाशी थेंब लोंबतोय? तो साध्या पाण्याचा नाही. आपण समुद्राचं पाणी पीत राहिलो तर तहानेनंच मरू, कारण इतकं मीठ बाहेर टाकणं आपल्या मूत्रपिंडांना झेपत नाही. कुरव ते खुशाल पितो. त्याच्या डोळ्यांच्या वर, कवटीतल्या खोबणींत, मिठाच्या ग्रंथी असतात. त्या रक्तातलं मीठ गाळून समुद्राहूनही खारट द्राव बनवतात. तो नाकपुड्यांतून चोचीवर ओघळतो आणि पक्षी मान झटकून उडवून देतो. एवढासा पक्षी, आणि डोक्यात चक्क खारं पाणी गोडं करायची सोय!

तिथंच डोळाही निरखा. बुबुळ फिकट, आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका? मग हा तपकिरी डोक्याचा कुरव. याची वीण होते लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी. त्यातलंच एक, त्सो मोरिरी, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरवर आहे, आणि हा इथं लाटेच्या फेसात पाय बुडवून उभा! हिवाळ्यात याचं डोकं मात्र पांढरंच असतं, डोळ्यामागं तेवढा गडद ठिपका.

म्हणून मार्चमध्ये पुन्हा जायला हवं. तेव्हा पिसं बदलून डोकी तपकिरी होऊ लागतात आणि नाव पटायला लागतं. फक्त उडतानाचा फोटो हवा म्हणून थव्यात धावत जाऊ नका, बोटीवरून शेव-गाठ्याही उधळू नका. या दिवसांत त्यांना खरं मासळीचं खाणं आणि निवांतपणा लागतो. पुढं हिमालय ओलांडायचा असतो. वाळूवर पोट टेकून पडून राहा. भरती चढली की ते आपणहून उठतील, आणि वारा मतलई असेल तर तुमच्याच दिशेनं.