सशाचं पिल्लू दिल्लीच्या घरात

जामा मशिदीजवळच्या कबूतर बाजारात पक्ष्यांच्या पिंजऱ्यांशेजारी सशाची पिल्लंही विकायला असतात. तळहातावर मावणारं, पांढरंशुभ्र पिल्लू बघताक्षणी आवडतं. जितकं लहान आणू तितका लळा लवकर लागेल, असं घेणाऱ्याला वाटतं आणि पिल्लाच्या जिवावर बेतणारी पहिली चूक इथेच होते.

पिल्लाने निदान आठ आठवडे आईजवळ राहायला हवं, आणि त्याचं मोठं कारण पोटात आहे. आईच्या दुधापासून पिल्लाच्या जठरात काही स्निग्धाम्लं तयार होतात आणि ती घातक जंतूंना रोखून धरतात. मोठ्या सशात तेच काम जठरातलं तीव्र आम्ल करतं. तीन-चार आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडलं, तर पहिलं संरक्षण गेलेलं असतं आणि दुसरं पुरतं आलेलं नसतं. नव्या घरी आल्यावर काही दिवसांतच जुलाब होऊन इतकी पिल्लं दगावतात, ती यामुळेही. म्हणून घेताना वय विचारा आणि दुकानाची नोंदणीही. केंद्र सरकारच्या 2018 च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणं बंधनकारक आहे, आणि त्या नियमांत सशाचा उल्लेख नावानिशी आहे.

पिल्लू मलूल दिसलं की घरातलं कोणीतरी ड्रॉपरने पिशवीतलं दूध पाजायला घेतं. हे करू नका. सशाच्या मादीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट असतात, साखर मात्र निम्म्याहून कमी. गाईचं दूध पिल्लाचं पोषणही करत नाही आणि पोटही बिघडवतं. खायला लागलेल्या पिल्लाला वाळलेलं गवत आणि पाणी हवं. दुकानात जे खात होतं तेच पहिले काही दिवस चालू ठेवा आणि बदल हळूहळू करा. डोळेही न उघडलेलं पिल्लू हाती आलं असेल, तर ते थेट डॉक्टरांकडे न्या.

‘सशाला पाणी पाजलं तर तो मरतो’ हे तर आपल्याकडे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की शिकलेली माणसंही वाटी काढून घेतात. ससा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 50 ते 150 मिलिलिटर पाणी पितो, कोरडं गवत खाणारा तर जास्तच. पाणी कमी पडलं की पोटातलं गवत घट्ट होतं आणि आतड्यांची हालचाल मंदावते. जड, उथळ वाटीत ताजं पाणी चोवीस तास असू द्या.

गाजराचंही तसंच. थंडीत दिल्लीच्या बाजारात लालचुटुक गाजरांचे ढीग लागतात आणि सशासाठी किलोभर आणलं जातं. गाजरात साखर बरीच असते. आठवड्यातून एखादी चकती पुरे. पोळी, बिस्किटं, भिजवलेले चणे तर नकोतच. सशाचे पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात आणि दाढाही आयुष्यभर वाढत राहतात. लाकूड कुरतडून दाढा झिजत नाहीत, त्या गवत चघळतानाच झिजतात. म्हणून आहारात निदान 80 टक्के गवत हवं. दूर्वा उत्तम, पण कीटकनाशक फवारलेल्या बागेतल्या किंवा रस्त्याकडेच्या नकोत. हिवाळ्यात चारेवाल्यांकडे मिळणारं हिरवं, ओलं बरसीम पोटभर दिलं तर पोट फुगतं. ते थोडं आणि सुकवून द्या.

ससा पहाटे स्वतःच्याच मऊ लेंड्या खाताना दिसला तर घाबरू नका, रागावूही नका. पहिल्या फेरीत न पचलेलं अन्न आतड्यातले जंतू आंबवतात आणि त्यातली जीवनसत्त्वं ससा अशी परत मिळवतो.

आता उन्हाळा. 29 मे 2024 रोजी सफदरजंगला 46.8 अंश तापमान नोंदलं गेलं. सशाला साधारण 15 ते 20 अंश मानवतं आणि तिशी ओलांडली की धोका सुरू होतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंगही थंड करता येत नाही. उष्णता बाहेर टाकायला मुख्य आधार कानांचाच. तेव्हा गुरुग्राम-नोएडाच्या उंच इमारतींतल्या बाल्कनीत पिंजरा ठेवणं म्हणजे त्याला भट्टीत बसवणं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर चालतो, पण जुलै-ऑगस्टच्या दमटपणात त्याचा उपयोग संपतो. तेव्हा एसीची खोली हवी. वीज गेली तर बर्फ झालेली बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा आणि खाली फरशीचा तुकडा द्या. कान तापलेत, ससा आडवा पडलाय, तोंडाने श्वास घेतोय असं दिसलं, तर कानांना साध्या पाण्याचा हात फिरवा आणि लगेच डॉक्टरांकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवलं तर धक्क्यानेच जीव जाऊ शकतो.

उकाडा असो वा घाण, आंघोळही घालू नका. भिजलेली दाट लव लवकर वाळत नाही आणि ससा भीतीने अर्धमेला होतो. पाठीवर उताणा धरला की तो डोळे मिटून निपचित पडतो, आणि लोक त्याचे व्हिडिओ काढतात. ती झोप नव्हे. पकडीत सापडलेल्या सावजाचा तो शेवटचा बचाव असतो. कान धरून उचलणं तर क्रूरच. धडपडून मागचे पाय झटकले की त्याचा मणका मोडू शकतो. एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली, आणि अंगाशी धरून उचला.

‘दोघी बहिणी आहेत’ असं सांगून दिलेली जोडी बऱ्याचदा तशी नसते, कारण लहान वयात नर-मादी ओळखणं कठीण असतं. चार महिन्यांपासून ती वयात येऊ लागतात, आणि 31 दिवसांत पिल्लं होतात. तेव्हा वेळेवर तपासून घ्या. नसबंदी न केलेल्या मादीला पुढे गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोकाही मोठा असतो.

बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे असतात, म्हणून सशांवर नेहमी उपचार करणारा डॉक्टर पिल्लू आणण्याआधीच शोधून ठेवा. कुत्र्यांवर सर्रास वापरलं जाणारं फिप्रोनिल हे पिसवांचं औषध सशाला विषारी ठरतं, आणि अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविकं तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात. ससा दुखणं लपवतो. सकाळपासून काही खाल्लं नाही, लेंड्याही टाकल्या नाहीत, कोपऱ्यात अंग आखडून करकरा दात खातोय असं दिसलं, तर उद्या बघू म्हणू नका. बारा तास उपाशी राहिलेला ससा त्याच रात्री डॉक्टरांकडे पोचायला हवा.