१ मे : नकाशा आणि कारभार बदलणारी तारीख

१ मे हा महाराष्ट्राचा स्थापना दिन. मात्र १९६० नंतरही राज्याच्या कारभाराची घडी बदलणारे काही मोठे निर्णय याच तारखेपासून अमलात आले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आलेले द्विभाषिक मुंबई राज्य मराठी जनतेला मान्य नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरहून अधिक जण हुतात्मा झाले आणि १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला जबर धक्का दिला. अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र आणि स्वतंत्र गुजरात अशी दोन राज्ये झाली. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. बेळगाव, कारवार, निपाणी मात्र बाहेरच राहिले, आणि ती सल आजही कायम आहे.

दोनच वर्षांनी, १ मे १९६२ रोजी, जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावातल्या माणसाच्या दृष्टीने हा बदल स्थापनेइतकाच मोलाचा. वसंतराव नाईक समितीने खरी सत्ता जिल्हा पातळीवरील लोकनियुक्त संस्थेकडे देण्याची शिफारस केली आणि जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवले. कारभारासाठी मुख्य कार्यकारी अधिकारी हे वेगळे पद आले. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, गावचे रस्ते परिषदेकडे गेले. ‘झेडपीची शाळा’ तेव्हापासून घरोघरी ओळखीची झाली. गावपातळीवर काम केलेल्या कार्यकर्त्यांना सत्तेची वाट मिळाली. पुढचे कितीतरी आमदार आणि मंत्री याच सभागृहांत तयार झाले.

१ मे १९८१ रोजी, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि मुख्यतः औरंगाबादमधून जालना हे जिल्हे वेगळे झाले. सावंतवाडीच्या शेतकऱ्याला जिल्हा कचेरीतल्या कामासाठी दीडशे किलोमीटरांहून लांब रत्नागिरी गाठावी लागे. वाट वळणावळणांची, आणि एकाच खेपेत काम होईल याची खात्री नाही. नव्या जिल्ह्याला मालवणजवळच्या शिवकालीन जलदुर्गाचे नाव मिळाले. मुख्यालय ओरोसला आले.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया असे आणखी दोन जिल्हे झाले. स्थापनेच्या वेळी २६ असलेली जिल्ह्यांची संख्या २०१४ मध्ये पालघर झाल्यावर ३६ वर गेली. त्यातले चार जिल्हे १ मेचे.